झातोइची आणि खाल्ल्या मिठाचे देणे

तलवारपटाच्या नायकाकडून प्रेक्षक ज्या गोष्टींची अपेक्षा करतो, त्यांपैकी जवळजवळ एकही झातोइचीपाशी नाही. त्याला दिसत नाही. तो सामुराई कुळात जन्मलेला नाही, त्याच्यामागे सरदार नाही की घराणे नाही, आणि लोकांचे खांदे-पाय रगडून चार पैसे मिळवणे हा त्याचा उघड धंदा आहे. अंगाने गोल, चालीने किंचित वाकलेला, जुगाराच्या अड्ड्यावर रमणारा आणि कोणी हिणवले तरी आधी हसून मान लववणारा असा हा माणूस आहे. त्याला मध्यभागी ठेवून जपानमधील दाइएई कंपनीने १८ एप्रिल १९६२ रोजी ‘झातोइची मोनोगातारी’, म्हणजे झातोइचीची कथा, हा कृष्णधवल चित्रपट प्रदर्शित केला. दिग्दर्शक केंजी मिसुमी, नायकाच्या भूमिकेत शिंतारो कात्सु, लांबी ९६ मिनिटे. त्यानंतर याच नायकावर कात्सुने आणखी पंचवीस चित्रपट केले आणि दूरचित्रवाणीवर शंभर भागांची मालिकाही केली. परंतु मला पुन्हा पुन्हा ओढून नेतो तो हा पहिलाच.

या चित्रपटाविषयी बोलणारे बहुतेक लोक अंध माणसाच्या हातातील पात्याच्या वेगाविषयी बोलतात. तो वेग थक्क करणारा आहे यात शंका नाही. मात्र चित्रपटाचा बहुतांश वेळ लोक बसलेले आहेत, जेवत आहेत, पीत आहेत, मासे धरत आहेत, एकमेकांचे पाय चेपत आहेत. मिसुमी यांना तलवारीपेक्षा त्या बैठकीत अधिक रस होता असे मला वाटते, आणि त्या बैठकीतून ते एकच प्रश्न उलगडत नेतात. ज्याच्या घरी आपण जेवलो, त्याला आपण काय देणे लागतो, आणि ते देणे कुठे संपते?

कथेचे मूळ अगदी लहान आहे. कान शिमोझावा या लेखकाने १९४८ साली काही पानांचा एक मजकूर लिहिला होता. इइओका गावच्या सुकेगोरो नावाच्या म्होरक्याच्या पदरी एक अंध माणूस होता आणि तो तलवारीत तरबेज होता, अशी ती जुनी हकीकत. तिला पटकथेचे रूप दिले मिनोरु इनुझुका यांनी. मूकपटांच्या काळापासून या व्यवसायात असलेले हे गृहस्थ १९०१ मध्ये जन्मले आणि २००७ पर्यंत जगले, म्हणजे जपानी चित्रपटाचे जवळजवळ सारे शतक त्यांनी पाहिले. काही पानांच्या हकीकतीतून दोन माणसांच्या मैत्रीची गोष्ट काढणे हे त्यांचे काम, आणि या यशात त्यांचा वाटा मोठा असूनही त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही.

कात्सुचीही एक पूर्वकथा आहे. १९३१ साली जन्मलेला हा नट काबुकी या पारंपरिक रंगभूमीवरील वादकाचा मुलगा. स्वतः शामिसेन हे तंतुवाद्य उत्तम वाजवणारा. १९५४ मध्ये दाइएईने त्याला आणि रायझो इचिकावा या तरुणाला एकाच वेळी पडद्यावर आणले. इचिकावा लवकरच लोकप्रिय झाला. कात्सुला मात्र गोऱ्या-गोमट्या नायकाच्या भूमिका मिळत राहिल्या, ज्या त्याच्या चेहऱ्याला आणि बांध्याला शोभत नव्हत्या. १९६० साली ‘शिरानुई केंग्यो’ या चित्रपटात त्याने खून आणि फसवणूक करत अंधांच्या संघटनेतील सर्वोच्च पदापर्यंत चढणारा एक दुष्ट माणूस रंगवला, आणि त्याच्या अंगात काय आहे ते तेव्हा सर्वांना कळले. दोन वर्षांनी झातोइची, म्हणजेच इची, त्याच्या वाट्याला आला तो त्याच वाटेने. इचीच्या हसण्यात मधूनच जी थंड छटा येते, ती मला त्या आधीच्या भूमिकेतून राहिलेली वाटते.

अंधांची संघटना हा प्रकार समजून घेतला तर हा नायक किती खालच्या पायरीवर उभा आहे ते लक्षात येते. तोकुगावा घराण्याच्या राजवटीतील जपानमध्ये अंध पुरुषांचा ‘तोदोझा’ नावाचा एक राजमान्य संघ होता. वादन, कथागायन, मालीश, सुया टोचून उपचार, इतकेच काय व्याजाने पैसे देणे, हे व्यवसाय त्या संघाच्या लोकांकडे असत. संघात हुद्द्यांची उतरंड होती: सर्वांत वर केंग्यो, त्याखाली बेत्तो, मग कोतो आणि तळाशी झातो. वरची पायरी चढायला पैसा मोजावा लागे. इची हे या माणसाचे नाव आणि झातो हा त्याचा हुद्दा. म्हणजे डोळस समाज तर त्याला कमी लेखतोच, शिवाय त्याच्यासारख्याच अंध माणसांच्या जगातही त्याच्यापाशी वर चढण्यापुरता पैसा नाही. सर्वसामान्यांना लांब तलवार बाळगण्याची मुभा नव्हती, म्हणून त्याची तलवार चालण्याच्या काठीत दडलेली आहे. लोकांनी पायदळी तुडवू नये एवढ्यासाठी त्याने हे कौशल्य कमावले आहे, आणि होता होईतो ते तो दाखवत नाही.

कथा घडते ती शिमोसा प्रांतात, आजच्या चिबा परगण्यात. इइओका हे समुद्रकाठचे गाव, ससागावा हे तोने नदीकाठचे. इइओकाचा म्होरक्या सुकेगोरो, ससागावाचा म्होरक्या शिगेझो. दोघेही जुगाराच्या अड्ड्यांवर पोसलेले, दोघांच्याही पदरी तरुणांच्या टोळ्या, आणि दोघांत हद्दीवरून वैर. हे दोघे कल्पित नाहीत. त्यांची झुंज खरोखर १८४४ साली झाली आणि कथेकऱ्यांनी ती पुढे घरोघरी पोहोचवली.

असे म्होरके त्याच मुलखात का माजले, याचे कारण आमच्या बेळगाव भागातील वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही. एदो, म्हणजे आजच्या तोक्यो, शहराभोवतीच्या प्रांतांची जमीन तुकड्यातुकड्यांनी वाटलेली होती: काही प्रत्यक्ष राज्य चालवणाऱ्या शोगुनची स्वतःची, काही लहान सरदारांची, काही मोठ्या सरदारांची, काही देवळांची, आणि कित्येकदा एकाच गावाचे दोन-तीन धनी. एका धन्याचे शिपाई दुसऱ्याच्या हद्दीत पाय ठेवू शकत नसत. आमच्याकडेही १८१८ नंतर बेळगाव इंग्रजांकडे गेले, पण त्याला लागूनच असलेले शहापूर सांगली संस्थानाकडे राहिले. आज एकाच शहरात मोडणाऱ्या या दोन वस्त्यांत तेव्हा दोन निराळे अंमल होते. अवतीभवती कोल्हापूर, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, रामदुर्ग, मुधोळ यांच्या मुलखाचे तुकडे पसरलेले होते. अशा ठिकाणी सरकार कागदावर दोन असतात आणि प्रत्यक्षात दोन्हींच्या मधल्या फटीत तिसराच कोणीतरी राज्य करतो. शोगुनशाहीने १८०५ साली सर्व हद्दी ओलांडून फिरणारे खास अधिकारी नेमले खरे, परंतु ते इतके थोडे होते की त्यांना गावोगावच्या माहितगारांवर विसंबावे लागले, आणि माहिती असायची ती जुगाऱ्यांनाच. इतिहासातला सुकेगोरो एकाच वेळी अड्ड्याचा मालकही होता आणि कायद्याचा हस्तकही. चित्रपटात त्याच्या वागण्यात जी निर्ढावलेली सुखवस्तू ऐट आहे, तिचा उगम या दुहेरी वजनात आहे.

अशा या सुकेगोरोच्या घरी इची पाहुणा म्हणून येतो. सुकेगोरो बाहेर असताना त्याची माणसे फासे खेळत बसलेली असतात आणि इची त्यांच्यात सामील होतो. पेला हलवून उपडा घालण्याचे काम तो स्वतःकडे घेतो. फासे पेल्याबाहेर पडलेले सर्वांना दिसतात. त्याला मात्र ते कळलेले नाही असे समजून सगळे जण दिसणाऱ्या आकड्यावर भराभरा पैसे लावतात. सर्वांचे पैसे लागल्यावर इची शांतपणे म्हणतो की हे बाहेरचे फासे माझ्या बाहीतून घरंगळले असावेत, आणि पेला उचलतो. आत दुसरेच फासे, दुसराच आकडा. येथे चलाखी आहेच, पण खोलीतल्या प्रत्येकाने स्वतःच्या लबाडीपायी पैसे घालवलेले आहेत हे मिसुमी एक शब्दही न वापरता केवळ चेहऱ्यांवरून दाखवतात. एकाही माणसाला वाटले नाही की ‘बाबा रे, फासे बाहेर पडलेत’ असे त्याला सांगावे. पुढे या घरात इचीला किती मान मिळणार आहे याचा हिशोब पहिल्या काही मिनिटांतच मांडून झालेला आहे.

सुकेगोरो त्याला ठेवून घेतो, कारण त्याने इचीची तलवार पूर्वी पाहिलेली आहे. खोली देतो, पैसे देतो, सेवेला तातेकिची नावाचा एक पोरगा देतो. त्या काळच्या भटक्या जुगाऱ्यांमध्ये एक कडक रीत होती: ज्याच्या घरी एक रात्र निजलो आणि एक वेळ जेवलो, त्याच्या भांडणात आपण त्याच्या बाजूने उभे राहायचे, मग भांडण कशाचे आहे हे विचारायचे नाही. आपल्याकडेही खाल्ल्या मिठाला जागण्याची शिकवण आहेच, आणि ती चांगलीच आहे. परंतु ती शिकवण वापरणारा यजमान किती स्वस्तात माणूस विकत घेऊ शकतो हे हा चित्रपट बारकाईने दाखवतो. सुकेगोरोने इचीला जेवू घातले ते भुकेल्याला नव्हे. येऊ घातलेल्या झुंजीची ती आगाऊ दिलेली मजुरी आहे. इचीला हे पहिल्या घासापासून ठाऊक आहे. तो जेवतो, पैसे घेतो, आणि किती दिले तर किती करीन याविषयी मोकळेपणाने घासाघीसही करतो, कारण गरीब माणसाला यजमान निवडण्याची चैन परवडत नाही.

पलीकडच्या घरीही असाच एक पाहुणा आहे. हिराते मिकी हा धनी नसलेला सामुराई, तलवारीत अजोड, क्षयाने पोखरलेला आणि दारूत बुडालेला, शिगेझोच्या आश्रयाने एका देवळात राहतो. शिगेरु अमाची या नटाने ही भूमिका केली आहे आणि माझ्या मते चित्रपटातील सर्वांत सुंदर अभिनय त्याचा आहे. गालांची हाडे वर आलेला तो देखणा चेहरा एकदाही दयेची याचना करत नाही. हिरातेही जुन्या हकीकतींतला. जपानी प्रेक्षकाला तो आधीच माहीत होता आणि तो मरणार हेही माहीत होते.

दोघांची भेट एका तळ्याकाठी होते. दोघेही गळ टाकून बसलेले आहेत. कोण कुणाच्या बाजूचा याची चर्चा होत नाही; शेजारच्याला मोठे दुखणे आहे हे इचीला न पाहताच उमगते, आणि एवढ्या थोड्या बोलण्यातून हिरातेला कळते की हा माणूस साधा मालीशवाला नाही. मिसुमी या प्रसंगाला भरपूर वेळ देतात. पाणी, गवत, दोन पाठमोरी माणसे. दोन टोळ्यांची माणसे गावात एकमेकांवर दात खात असताना त्यांची सर्वांत धारदार शस्त्रे येथे मासे धरत आहेत. दोघांनीही आयुष्यात प्रथमच बरोबरीचा माणूस भेटल्याचा आनंद गिळून टाकलेला आहे, आणि तो गिळताना दिसतो.

पुढे इची देवळात जाऊन हिरातेचे खांदे रगडतो. हा प्रसंग मी माझ्या मामांबरोबर पाहिला होता. खानापूर तालुक्यातील आमच्या आजोळी ते आजही ज्येष्ठ पहिलवान म्हणून ओळखले जातात. तरुणपणी तालमीत होते, आणि अंग रगडणे म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेले नाही. इंग्रजी उपशीर्षके मी त्यांना मराठीत सांगत होते. या प्रसंगात त्यांनी मला हाताने गप्प केले आणि म्हणाले, “थांब की गं. बोलणं ऱ्हाऊ दे, हात बघ तेचे.” नंतर त्यांनी समजावले की रगडणाऱ्याला समोरच्याच्या अंगातली ताकद किती उरली आहे हे बोटांना कळते, आणि रगडून घेणाऱ्यालाही हात कसल्या माणसाचे आहेत हे कळते. मी तोवर या प्रसंगाकडे विश्रांती म्हणून पाहत होते. मामांच्या बोलण्यानंतर ध्यानात आले की हे दोघे तलवारबाज येथे एकमेकांची परीक्षा घेत आहेत, एकमेकांना मारावे लागले तर काय होईल हे त्यांना कळून चुकले आहे, आणि तरीही एकाने पाठ दिलेली आहे व दुसऱ्याने ती हळुवार धरलेली आहे.

मग गणित फिरते. हिराते रक्त ओकून अंथरुणाला खिळल्याची बातमी सुकेगोरोला लागते आणि त्याला वाटते की हल्ला करायची हीच वेळ. इचीची अट अशी की हिराते मैदानात असेल तरच मी तलवार उपसेन. हिराते नाही तर इचीही नाही. ही अट त्याने मोठ्या हुशारीने घातलेली आहे. पाहुणा म्हणून असलेले देणे त्याने एकाच माणसापुरते आवळून आणले आहे आणि तो माणूस आजारी आहे, म्हणजे कोणालाही न मारता तो सुटू शकतो. परंतु पलीकडे शिगेझो बंदूक बाहेर काढतो. हा अंध माणूस कितीही चपळ असला तरी गोळीपुढे त्याचे काय चालणार, असा सरळ हिशोब. हे ऐकल्यावर हिराते अंथरुणातून उठतो. बंदूक वापरू नका, त्याला मी पाहून घेतो, असे सांगून तो रणात उतरतो. तो इचीला मारायला जातो आहे की वाचवायला, या दोन गोष्टी येथे वेगळ्या करता येत नाहीत. मित्राला गोळी घालून कुत्र्यासारखे मरू द्यायचे नाही, त्याच्यासमोर तलवार घेऊन उभे राहायचे, यालाच तो मैत्री समजतो. तो गेला हे कळल्यावर इचीलाही जावे लागते.

पुलावरची त्यांची लढत फार थोडा वेळ चालते. इतर तलवारपटांत अशा प्रसंगी संगीत उसळते, वारा सुटतो, दोघे एकमेकांभोवती फिरतात. येथे भोवती गावच्या गल्ल्यांत पोरे ओरडत, धडपडत, घाबरत एकमेकांना भोसकत आहेत आणि या दोघांभोवती मात्र जागा रिकामी झालेली आहे. काही हालचाली, आणि मग हिराते इचीच्या पाठीवर कोसळतो. ज्या पाठीवर इचीने हात ठेवला होता तिचे ओझे आता त्याच्या अंगावर आहे. क्षुद्र माणसांच्या हातून मरण्यापेक्षा तुझ्या हातून मरण आले याचे समाधान तो बोलून दाखवतो. मामांनी येथे त्यांच्या जगातले उदाहरण दिले. जत्रेच्या मैदानात कधीकधी एकाच तालमीत वाढलेल्या दोघांची जोड लावली जाते; इनाम लावणारे वेगळे, बघणारे वेगळे, आणि मातीत उतरणारे दोघे एका ताटात जेवलेले. “जोड लागली न्हवं, मग हात ढिला सोडला तर तेचाच अपमान हाय की,” असे ते म्हणाले आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. कुस्तीत हरलेला माणूस उठून माती झटकतो, एवढा एक फरक त्यांनी स्वतःच पुढे बोलून दाखवला.

१८४४ हे वर्ष वाचल्यापासून माझे मन वारंवार सामानगडाकडे जाते. गडहिंग्लज तालुक्यातला हा किल्ला आमच्यापासून दूर नाही. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानातील गडकऱ्यांचे बंड तेथून सुरू झाले. पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखणाऱ्या शिबंदीचे वतनी हक्क इंग्रजांच्या देखरेखीखाली झालेल्या नव्या कारभारात मोडीत निघाले, आणि ज्यांच्या हातात तलवारीखेरीज दुसरी विद्या नव्हती ते लोक उठले. बेळगावच्या छावणीतून त्यांच्यावर फौज धाडावी लागली. तोने नदीकाठच्या झुंजीशी याचा काही संबंध नाही, हे उघड आहे. पण हिरातेसारखा माणूस देवळात दारू पीत का पडून राहतो, हे मला जपानच्या इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा त्या गडकऱ्यांमुळे अधिक कळले. तलवारीची किंमत ठरवणारा धनी नाहीसा झाला की ती तलवार जुगाराच्या अड्ड्यावर जाते किंवा बंडात जाते. हिराते पहिल्या वाटेने गेला आणि त्याला त्याची लाज वाटते. ती लाज अमाचीने प्रत्येक घोटात दाखवली आहे.

झुंज संपल्यावरचा प्रसंग मी चित्रपटाचे शिखर मानते. सुकेगोरो जिंकला आहे. पिंपे फुटली आहेत, मद्य वाहते आहे, आरडाओरडा चालू आहे, आणि ज्यांची पोरे मेली त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. इची त्या मेजवानीत येतो आणि सुकेगोरोला सर्वांसमोर फटकारतो. आतापर्यंत वाकून बोलणारा, प्रत्येक टोमणा हसून झेलणारा हा माणूस तेथे ताठ उभा राहतो. जेवलेल्या अन्नाचा मोबदला त्याने पुरेपूर चुकवला आहे, तोही आयुष्यातला एकमेव मित्र देऊन. त्यामुळे आता यजमानाला तोंडावर बोलण्याचा अधिकार त्याला मिळालेला आहे. ऋण फिटल्यावर माणूस कसा बोलू लागतो हे पाहायचे असेल तर कात्सुचा तेथील आवाज ऐकावा. तो ओरडून बोलत नसतानाही सारी खोली गप्प होते. त्यानंतर तो आपली काठीतली तलवार देवळातल्या मुलाच्या स्वाधीन करतो आणि ती हिरातेबरोबर पुरायला सांगतो. दाइएईने पुढे इतके चित्रपट काढले म्हणून ती तलवार अर्थातच परत आली. पण हा एकच चित्रपट निघाला असता तर इचीची कथा निःशस्त्र माणसावर संपली असती, हे विसरता कामा नये.

ओताने या स्त्रीपात्राविषयी मला थोडी तक्रार आहे. तातेकिचीची ही बहीण इचीवर जीव लावते, आणि मासायो बानरी या नटीने तिला समंजस, तडफदार चेहरा दिला आहे. तरीही पटकथेत तिचे काम वाट पाहण्यापुरते उरते. शेवटी ती रस्त्यावर इचीसाठी थांबलेली असते आणि तो मुद्दाम दुसऱ्या वाटेने निघून जातो. रक्ताने माखलेल्या माणसाने तिला आपल्या आयुष्यात ओढू नये हा त्याचा विचार मला पटतो. तो विचार तिच्याशी एक शब्दही न बोलता तिच्या वतीने करून टाकला, हे मात्र पटत नाही. सर्वांचे बोलणे इतके मन लावून ऐकणारा हा माणूस येथे ऐकायला थांबत नाही.

तांत्रिक बाजूबद्दल थोडे. चिकाशी माकिउरा यांचा कॅमेरा रुंद पडद्यावर माणसांना कडेला ठेवतो आणि मधली जागा मोकळी सोडतो. इचीला जे दिसत नाही ते आपल्याला अशा रिकाम्या जागांतून जाणवते. संगीत अकिरा इफुकुबे यांचे आहे, ज्यांनी १९५४ च्या ‘गोजिरा’ला, म्हणजे गॉडझिलाला, ती प्रसिद्ध जड पावलांची धून दिली. येथेही त्यांचे सूर जमिनीलगत चालतात, आणि महत्त्वाच्या क्षणी ते बाजूला होऊन पाण्याला व पावलांना बोलू देतात. कात्सु तलवार उलट्या मुठीने धरतो, पाते खाली, मनगट छातीशी. त्यामुळे त्याचा वार दूरवर जात नाही, शत्रूला जवळ यावे लागते. अंध माणसाने असेच लढावे हे पाहताक्षणी पटते, कारण जवळ आलेला माणूस श्वास घेतो, कपडे सळसळतात, पाय घसरतो.

तिसऱ्या चित्रपटापासून रंग आले, मारामाऱ्या लांबल्या, बळींची संख्या वाढत गेली. त्यांतले काही चित्रपट मनापासून आवडावेत असे आहेत. १९७० साली तोशिरो मिफुनेसमोर कात्सुला उभे करणारा चित्रपट मला मात्र दोन मोठ्या नटांना एका चौकटीत आणण्याच्या हौसेपलीकडे गेलेला दिसला नाही. दाइएईचे दिवाळे १९७१ मध्ये निघाले, कात्सुने स्वतःच्या कंपनीतून इचीला पुढे नेले आणि १९८९ च्या शेवटच्या चित्रपटाचे दिग्दर्शनही केले. १९९७ साली तो गेला. २००३ मध्ये ताकेशी कितानो यांनी सोनेरी केसांचा इची उभा केला व व्हेनिसच्या महोत्सवात त्यासाठी दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवला. तो चित्रपट देखणा आणि तालबद्ध आहे, परंतु त्यातला इची कोणाच्याही खाल्ल्या मिठाला बांधलेला नाही असे मला वाटत राहते. तो आधीपासूनच मोकळा आहे, म्हणून त्याला मोकळे व्हावे लागत नाही.

नव्याने पाहणाऱ्यांना माझे सांगणे आहे की पहिल्या चित्रपटानंतर लगेच दुसरा पाहावा. तो त्याच वर्षी, ऑक्टोबर १९६२ मध्ये आला आणि लांबीने पहिल्याहून बराच लहान आहे. त्यात कात्सुचा सख्खा थोरला भाऊ तोमिसाबुरो वाकायामा हाही आहे. हिरातेच्या थडग्याला वंदन करण्यासाठी इची पुन्हा त्या मुलखात येतो, आणि सुकेगोरोकडे राहिलेला हिशोबही तेथेच निघतो. मधे दिवस जाऊ दिले तर पहिल्यातील तळे, देवळातील मालीश आणि पूल यांचे धागे दुसऱ्यात नेमके कुठे येऊन मिळतात हे निसटते. म्हणून रविवारची दुपार मोकळी ठेवून दोन्ही एकाच बैठकीत पाहणे चांगले.